इंग्रजी शब्दांची कुळकथा



पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गाला मी 'माझे वडील' या विषयावर इंग्रजी निबंध लिहायला सांगितला होता. एका मुलाने उभे राहून आपला निबंध वाचायला सुरुवात केली. त्याचे दुसरेच वाक्य होते, 'माय फादर इज अ व्हेरी कनिंग मॅन.' ज्यांना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक होता ते हसले, आणि ज्यांना ठाऊक नव्हता तेही त्यांच्याबरोबर हसले. मुलाचे वडील गवंडी होते आणि हाताला कसब असलेला माणूस म्हणून गावात त्यांचे नाव होते. मुलाला 'चतुर' असे म्हणायचे होते. जवळच्या लहानशा शब्दकोशात 'चतुर' या शब्दापुढे 'कनिंग' असे छापलेले होते, ते त्याने प्रामाणिकपणे उचलले. आपण भर वर्गात बापाला लबाड म्हटले हे कळल्यावर तो मुलगा खाली बसला, आणि त्या वर्षी इंग्रजीच्या तासाला त्याने पुन्हा तोंड उघडले नाही. हे लिहिताना संकोच वाटतो, पण हसणाऱ्यांत मीही होतो.

त्या संध्याकाळी मी मोठा शब्दकोश उघडला. 'कनिंग' हा शब्द 'जाणणे' या अर्थाच्या एका जुन्या शब्दापासून आलेला आहे. 'कॅन' आणि 'नो' हे रोजचे इंग्रजी शब्द त्याचे भाऊबंद आहेत, आणि संस्कृतातला 'ज्ञा' हा धातूही त्याच दूरच्या घराण्यातला आहे. पाचशे वर्षांपूर्वी 'कनिंग' म्हणजे जाणकार, कसबी. इसवी सन १६११ मध्ये छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात कुशल कारागिराला हाच शब्द लावलेला आहे. पुढे ज्याला फार कळते तो आपल्याला फसवील, या संशयाने शब्दाला डाग लागला, आणि आज तो 'लबाड' या अर्थानेच उरला. म्हणजे मुलगा चुकला खरा, पण त्याने निवडलेल्या शब्दात त्याच्या वडिलांचे कसब एके काळी खरोखरच होते.

तेव्हापासून माझी खात्री झाली आहे की इंग्रजी शब्द नुसते पाठ करून येत नाहीत. प्रत्येक शब्दाला दोन गोष्टी असतात. एक त्याचे कूळ, म्हणजे तो कुठून आला. आणि दुसरी त्याची छटा, म्हणजे आज तो कोणत्या भावनेने बोलला जातो. कूळ कळले की शब्द लक्षात राहतो. छटा कळली की तो योग्य जागी वापरता येतो. यांपैकी एकच गोष्ट हाती असेल, तर त्या मुलासारखी फसगत होते.

छटा म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. जनावर मेले, शेजारचे काका वारले, एखाद्या पुढाऱ्याचे निधन झाले, आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांचा इंतकाल झाला, असे आपण म्हणतो. घटना एकच आहे, पण हे शब्द एकमेकांच्या जागी घातले तर ऐकणाऱ्याला धक्का बसेल. शाळेत न गेलेली आजीही ही चूक करणार नाही. मग इंग्रजीतही असेच असणार, हे आपण का विसरतो?

इंग्रजीत या छटा इतक्या का, याचे उत्तर इतिहासात आहे. पाचव्या शतकात अँगल, सॅक्सन इत्यादी टोळ्यांनी जी बोली इंग्लंडात आणली, ती या भाषेची मूळ माती. १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे दरबारात आणि कचेरीत फ्रेंच भाषेचा वरचष्मा होता; शेतकरी आणि मजूर मात्र आपली जुनी बोली बोलत राहिले. म्हणून रानात चरते ती 'शीप' आणि साहेबाच्या ताटात येते ते 'मटन'. गरीब राहतो ते 'हाउस' आणि श्रीमंत राहतो ते 'मॅन्शन'. मित्राला विचारतात ते 'आस्क', वर्गात विचारतात तो 'क्वेश्चन', आणि पोलीस विचारतात ते लॅटिन वळणाचे 'इंटरॉगेट'. आपल्याकडे अर्ज, वकील, तारीख, हुकूम हे शब्द फारसी कारभारातून मराठीत आले आणि इतके मुरले की आज ते परके वाटत नाहीत. इंग्रजीचेही तसेच झाले. ती उसनवारीवर वाढलेली भाषा आहे, आणि ही उसनवारी तिने ज्या दारांत केली, त्यांत एक दार आपल्या ओळखीचे आहे.

ते दार प्रथम उघडले बगदादमध्ये. खलिफा मामून याने ८१३ ते ८३३ या काळात तेथे राज्य केले. त्याच्या आश्रयाने ग्रीक, फारसी आणि हिंदी विद्यांचे ग्रंथ अरबीत आणण्याचे काम जोमाने चालले. त्याच्या पदरी मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी हा गणिती होता. समीकरणे सोडवण्याच्या रीतीवर त्याने जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात 'अल-जब्र' हा शब्द होता. अरबीत त्याचा अर्थ मोडलेले पुन्हा सांधणे, हाड बसवणे असा आहे. समीकरणात एका बाजूला वजा असलेले पद दुसऱ्या बाजूला नेऊन तूट भरून काढायची, या क्रियेला त्याने हे नाव दिले. १०८५ मध्ये स्पेनमधील तोलेदो शहर ख्रिस्ती राजाच्या हाती गेले, आणि पुढच्या शतकात तेथे व आसपासच्या शहरांत अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवण्यासाठी युरोपभरचे विद्वान जमू लागले. क्रेमोना गावचा जेरार्ड तेथेच राहिला आणि त्याने सत्तरांहून अधिक ग्रंथ भाषांतरित केले. अल-ख्वारिज्मीचा ग्रंथ चेस्टरच्या रॉबर्टने ११४५ मध्ये लॅटिनमध्ये आणला. 'अल-जब्र'चा 'अल्जिब्रा' झाला, आणि ग्रंथकर्त्याच्या नावाचे लॅटिन रूप होता होता 'अल्गोरिदम' हा शब्द तयार झाला. आज संगणक शिकणाऱ्या प्रत्येक मुलाच्या तोंडी त्या बगदादी गणितीचे नाव आहे. फक्त ते नाव आहे हे मुलाला ठाऊक नसते.

शून्याचा प्रवास तर याहून लांबचा. आपल्या देशात ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहून ठेवले. संस्कृतातील 'शून्य' म्हणजे रिकामे. अरबांनी त्याचे आपल्या भाषेत 'सिफ्र' केले, त्याचाही अर्थ रिकामे. पिसा शहरचा लिओनार्दो उत्तर आफ्रिकेत ही अंकपद्धती शिकला आणि १२०२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्याने ती युरोपला समजावून दिली. एका वाटेने 'सिफ्र'चा 'झीरो' झाला, दुसऱ्या वाटेने 'सायफर'. एकाच आईची ही दोन मुले, पण स्वभाव निराळे. 'झीरो' हा साधा अंक राहिला. 'सायफर' मात्र गुप्त लिपीला म्हणू लागले, आणि ज्याला काही किंमत नाही अशा माणसालाही म्हणू लागले. येथे कूळ एक आहे, छटा तीन आहेत.

आता असा एक शब्द पाहा की ज्याचे कूळ ऐकून पालकांना आश्चर्य वाटेल. डोळ्यांत घालायच्या बारीक पुडीला अरबीत 'कुहल' म्हणतात. आपल्या घरातल्या सुरम्याचाच हा सोयरा. 'अल-कुहल' हा शब्द युरोपातील औषधे करणाऱ्यांनी उचलला, तो कोणत्याही अतिशय बारीक पुडीसाठी. पुढे बारीक पुडीवरून तो कोणत्याही पदार्थाच्या अर्कासाठी वापरात आला, मग द्राक्षाच्या दारूच्या अर्कासाठी, आणि शेवटी 'अल्कोहोल' म्हणजे दारूतील मादक द्रव्य असा अर्थ पक्का झाला. सुरमेदाणीतून निघालेला शब्द दारूच्या बाटलीत जाऊन बसला! याच्या उलट 'शराब' पाहा. अरबीत 'शराब' म्हणजे नुसते पेय. उर्दूत आणि मराठीत तो शब्द बदनाम झाला. युरोपात मात्र तोच औषधी पाकासाठी वापरला गेला आणि इंग्रजीत 'सिरप' झाला. रमजानमध्ये इफ्तारीला आपण जे सरबत पितो, त्याचे कूळही तेच. खोकल्याचे 'सिरप', इफ्तारीचे सरबत आणि निषिद्ध शराब ही एकाच धातूची लेकरे आहेत. म्हणून केवळ कुळावरून शब्दाची पारख करू नये.

विद्येच्या मागोमाग व्यापार आला. भूमध्य समुद्रावरील बंदरांत अरब, इटालियन आणि स्पॅनिश व्यापारी भेटत, आणि मालाबरोबर शब्दांचीही देवघेव होई. अरबी 'मखझन' म्हणजे कोठार. आपला 'खजिना' त्याच धातूचा. इंग्रजीत 'मॅगझिन' म्हणजे प्रथम कोठार, मग दारूगोळ्याचे कोठार. १७३१ मध्ये लंडनमध्ये एका प्रकाशकाने आपल्या नियतकालिकाच्या नावात हा शब्द घातला, कारण ते निरनिराळ्या लेखांचे कोठार होते. तेव्हापासून मासिकाला 'मॅगझिन' म्हणतात. १९०१ मध्ये लाहोरात शेख अब्दुल कादिर यांनी उर्दू मासिक काढले, त्याचे नाव 'मखझन' ठेवले. शब्द दुनिया फिरून आपल्या घरी परत आला.

मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करताना आपण 'मार्फत' लिहितो, पाहुणे जेवणाची 'तारीफ' करतात, आणि विजेच्या दराचे 'टॅरिफ' जाहीर होते. या तिन्ही शब्दांचा अरबी धातू एकच, अर्थ 'ओळखणे, जाणणे'. ओळख करून देणे ती तारीफ. पुढे चांगल्या शब्दांत ओळख करून देणे म्हणजे स्तुती. व्यापाऱ्यांनी मात्र 'लोकांना कळवणे' हा अर्थ धरला आणि जकातीच्या जाहीर दरपत्रकाला तो शब्द दिला. अरबी 'मौसिम'चा आपण 'मोसम' केला, पोर्तुगीज खलाशांच्या तोंडून तो 'मान्सून' होऊन इंग्रजीत गेला. 'अमीर' म्हणजे हुकूम देणारा. आपल्याकडे तो पैसेवाला झाला, इंग्रजीत 'अ‍ॅडमिरल' म्हणजे आरमाराचा सेनापती.

बुद्धिबळाच्या पटानेही इंग्रजीला पुष्कळ दिले. आपल्या 'चतुरंगा'चे इराणात 'शतरंज' झाले. राजावर हल्ला होताच खेळाडू 'शाह' म्हणून इशारा देई. त्या 'शाह'वरून आपण 'शह देणे' आणि 'शह-काटशह' म्हणतो, आणि इंग्रजीत त्याच्यावरूनच 'चेक' झाला. राजाला अडवणे ते 'चेक', म्हणून कोणालाही अडवणे, मग अडवून तपासणे. पटावरच्या चौकटी ते 'चेक्स', म्हणून चौकटीचे कापड. इंग्लंडच्या राजाचे हिशेब चौकटीच्या कापडाने झाकलेल्या मेजावर मांडत, म्हणून खजिन्याचे खाते 'एक्सचेकर', आणि बँकेतल्या 'चेक'चे स्पेलिंगही त्याच वळणाचे. शाळेला देणगीचा चेक लिहिताना इराणच्या शाहाचे नाव आपल्या हातून लिहिले जाते.

येथपर्यंतचा इतिहास अभिमानाचा आहे. पण शब्दांच्या छटेत कटुताही साठलेली असते, तीही विद्यार्थ्यांनी जाणली पाहिजे. 'नायब' म्हणजे प्रतिनिधी. नायब तहसीलदार आपण रोज पाहतो. त्याचे आदरार्थी अनेकवचन 'नवाब'. अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर हिंदुस्थानातून अमाप पैसा घेऊन मायदेशी परतू लागले, तेव्हा त्यांना लोक 'नबॉब' म्हणून हिणवू लागले. १७७२ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्याच नावाचे प्रहसन आले. आपल्याकडचा आदराचा शब्द तिकडे टवाळीचा झाला. 'ठग' मराठीत फसवणारा, इंग्रजीत 'थग' म्हणजे मारहाण करणारा गुंड. 'लूट' तर शब्दासकट गेली.

१८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोन विद्वानांनी हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांचा जाडजूड कोश प्रसिद्ध केला. त्याचे नाव 'हॉब्सन-जॉब्सन'. मुहर्रमच्या मिरवणुकीतील 'या हसन! या हुसैन!' हा शोकाचा पुकारा गोऱ्या शिपायांच्या कानांवर पडला आणि त्यांनी त्याचे दोन इंग्रजी आडनावांत रूपांतर केले. कोश अत्यंत उपयुक्त आहे, आजही अभ्यासक तो उघडतात. पण ज्या हाकेत आसू आहेत तिचे गंमतीचे नाव कसे होते, याचे ते उदाहरण आहे.

आपल्या नावाचीच गोष्ट घ्या. जुन्या इंग्रजी पुस्तकांत मुसलमानांना 'मोहमेडन' म्हटलेले आढळते. ख्रिस्ताचे ते ख्रिस्ती, तसे हे, अशा समजुतीने तो शब्द रूढ झाला. पण आपण पैगंबरांची इबादत करीत नाही, अल्लाहची करतो. म्हणून तो शब्द आपल्याला खटकतो. तरीही १८७७ मध्ये सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढच्या कॉलेजच्या नावात तोच शब्द होता, कारण त्या काळच्या इंग्रजीत तो सरसकट चालत होता. १९२० मध्ये त्या कॉलेजचे विद्यापीठ झाले, तेव्हा नावात 'मुस्लिम' आला. म्हणून जुन्या पुस्तकात तो शब्द दिसला तर लेखकावर लगेच रागावू नका, काळ पाहा. मात्र आज स्वतः लिहिताना तो वापरू नका, आणि दुसऱ्या समाजाबद्दल लिहितानाही त्यांना कोणता शब्द खटकतो हे आधी जाणून घ्या.

आता एक सावधगिरीची सूचना. सारखे दिसले की नातेवाईक, असे शब्दांत धरून चालत नाही. फारसी 'बद' म्हणजे वाईट, 'बदनाम'मधला. आणि इंग्रजी 'बॅड' म्हणजेही वाईट. उच्चार जवळ, अर्थ एक, पण दोघांचे नाते काहीच नाही. तो केवळ योगायोग आहे. उलट 'ब्रदर' आणि 'बिरादर', 'डॉटर' आणि 'दुख्तर', 'मदर' आणि 'मादर' ही खरी भावंडे आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात, आणि फारसीही त्याच कुळातली, हे सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात मांडले. इंग्रजीही त्याच कुळातली. अरबीचे कूळ वेगळे. तिचे शब्द इंग्रजीत पाहुणे म्हणून आले. 'जबरदस्ती' आणि वर सांगितलेला 'जब्र' यांतही असेच फसायला होते. पहिल्यातला 'ज़बर' फारसी आहे, अर्थ 'वर'. नाझिरा शिकताना ज़बर आणि ज़ेर आपण वाचतोच. अक्षराच्या वर असतो तो ज़बर. ज्याचा हात वर तो ज़बरदस्त. म्हणून अंदाज करा, पण कोश पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

विद्यार्थ्यांनी करावे काय? एक वही घाला. नवा इंग्रजी शब्द भेटला की चार गोष्टी लिहा: त्याचा आजचा अर्थ, त्याचे कूळ, तो मानाने बोलतात की हिणवून, आणि तो ज्यात भेटला ते पूर्ण वाक्य. चौथी गोष्ट कधीही गाळू नका, कारण छटा वाक्यातच कळते. रोज तीन शब्द पुरेत. मोठ्या इंग्रजी शब्दकोशात शब्दाचे कूळ दिलेले असते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही, ज्याची पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची, शब्दापुढे तो अरबी, फारसी की संस्कृत याची खूण आढळते. शाळेच्या ग्रंथालयात कोश नसेल तर मोबाइलवरही आज हे सारे सापडते.

आणि पालकहो, 'आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही मुलांना काय मदत करणार?' असे तुम्ही म्हणता. आता तसे म्हणू नका. सुरमा, खजिना, मोसम, सरबत, मार्फत, शह, बिरादर हे शब्द तुमच्याकडेच आहेत. मुलीने येऊन विचारले, 'दादी, कुहल म्हणजे काय?' तर उत्तर शिक्षकापेक्षा दादीजवळ लवकर मिळेल. इंग्रजी शिकल्याने दीन जाईल, अशी भीती एके काळी आपल्या समाजात होती. त्या भीतीशी झगडून सर सय्यद अहमद यांनी अलीगढला काम केले, आणि मुंबईत १८७४ मध्ये बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लामची स्थापना केली. ती भीती आता राहिलेली नाही. पण इंग्रजी ही साहेबाची, मोठ्या लोकांची, आपल्याला न जमणारी भाषा, ही दुसरी भीती अजून घरोघरी आहे, आणि तिच्यापायी दहावीच्या आत शाळा सोडणारी मुले-मुली मी पाहिली आहेत. ज्या भाषेच्या गणितात, बाजारात आणि बुद्धिबळाच्या पटावर आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलीतले शब्द बसलेले आहेत, तिच्या दारात आपल्या मुलांनी खाली मान घालून उभे राहण्याचे कारण नाही.

त्या गवंड्याच्या मुलाला दुसऱ्या दिवशी वर्गात उभे करून मी 'कनिंग' शब्दाची कुळकथा सांगायला हवी होती. मी ती सांगितली नाही; वर्ष संपले आणि तो शाळेतून गेला. म्हणून आज ती तुम्हा सर्वांना सांगितली. तुमच्या घरात एखादे मूल इंग्रजी शब्द चुकले तर हसू नका. त्याच्याजवळ बसा, कोश उघडा, आणि तो शब्द कुठून आला ते दोघे मिळून शोधा.